तात्यासाहेबांची साक्ष

तात्यासाहेब गहिवरून बोलू लागले की मांडवातले लोक घड्याळ बघू लागत. गेलेला माणूस ओळखीचा असण्याची त्यांना गरज नसे. जिल्ह्यात कुठेही दशक्रिया असो, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत ते सकाळीच घाटावर हजर. कावळा पिंडाला शिवायच्या आत माइक त्यांच्या हातात. "समाज पोरका झाला," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. आमच्या खर्ड्यातला समाज अशा रीतीने वरचेवर पोरका होत असे.

मी तेव्हा जामखेडच्या कोर्टात कारकून होतो. तिथे तात्यासाहेब आले ते सगुणाबाईविरुद्ध साक्ष द्यायला. सगुणा आमच्या खर्ड्यातलीच विधवा. दिराची कडब्याची गंजी जळाली आणि त्याने हिच्यावर फिर्याद ठोकली. बाई तुरुंगात गेली की तिचं वावर आपसूक आपल्या नांगराखाली येईल, असा त्याचा हिशेब. तात्यासाहेब त्याचे परममित्र.

"सकाळी शेताकडं फिरायला गेल्तो. ह्या बाईनं काडी ओढली. आपन डोळ्यानं बघितलं, साहेब."

शपथ मात्र त्यांनी डोळे मिटून घेतली होती. न्यायाधीशांना साक्ष पटलेली दिसली. इतकी कडक इस्त्री खोटं बोलेल, असं कुणाला वाटत नाही. सगुणा भिंतीला टेकून खाली बघत होती.

तिच्या वकील एक तरुण बाई होत्या. त्यांनी आगीचं नावही काढलं नाही.

"तात्यासाहेब, बेलापूरला सरपंचांच्या वडिलांच्या दशक्रियेत आपण बोललात ना?"

"व्हय, बोललो की."

"लोक म्हणतात, भाषण फारच आटोपतं घेतलंत. दोन शब्द बोलून निघालात."

"कोन म्हनतं?" तात्यासाहेबांनी कठडा गच्च धरला. "ऊन डोक्यावर येईस्तोवर बोललो! बाया रडत हुत्या. इचारा बेलापुरात कुनालाबी! आमच्या पोरांनी मोबाईलवर टाकलंय सगळं!"

"ते मीही पाहिलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मोबाईल न्यायाधीशांपुढे ठेवला. गंजी जळाली त्याच सकाळचं भाषण. खर्डा गाव जिल्ह्याच्या या टोकाला, बेलापूर त्या टोकाला. दिराने कपाळावर हात मारून घेतला. तात्यासाहेबांना अजून राग होता तो 'आटोपतं' म्हटल्याचा.

सगुणा निर्दोष सुटली. खोट्या साक्षीबद्दल तात्यासाहेबांचं कुणी काही वाकडं केलं नाही. निकालाच्या दिवशी ते दुसऱ्या कुणाच्या तरी कामासाठी कोर्टाच्या आवारात उभे होते. सगुणा सरळ त्यांच्यापुढे जाऊन थांबली.

"तात्या, तुमचं भाषन लई लांबलं, म्हनून माजं वावर वाचलं."

तात्यासाहेबांनी विनयाने हात जोडले.

"लोकांचा आग्रहच हुता, बाई."