साहेबांच्या नावाची सही

भाऊजी साडी उलगडायचे तेव्हा दुकानातला आवाज खाली यायचा, असं मला अजून वाटतं. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसलेले भाऊजी, मनगटाचा एक झटका, आणि सगळं रेशीम हवेत जाऊन सावकाश खाली उतरायचं. जांभळं, मग मोरपंखी, मग हळदीसारखं पिवळं. मी कॉलेजातून निघून सीताबर्डीवरच्या त्या दुकानात कोपरा धरून बसायचो. खांद्याच्या पिशवीत संघटनेची पत्रकं असायची, सायक्लोस्टाइलची शाई अजून हाताला लागणारी. बाहेर मे महिना पेटलेला आणि आत कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास. क्रांतीवर ठाम विश्वास असलेला माणूस त्या वासात दहा मिनिटांत पेंगायचा.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, ताईचे यजमान. कुही गावाकडचे. मिसरूड फुटलं तेव्हा या दुकानात लागले ते तिथेच राहिले. दुकानाची एक रीत होती. बंगल्यावरून निरोप आला की साड्यांचं गाठोडं बांधून पाठवायचं. बायांनी घरी पाहायच्या, ठेवायच्या त्या ठेवायच्या, उरलेल्या परत. कोणी नेल्या, कोणी सही केली, हे विचारायचं नाही. म्हाताऱ्या मालकांनी भाऊजींना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की आपण घर ओळखायचं. घर ओळखलं की झालं.

ऐंशीच्या पुढे कधीतरी त्या दुकानात प्लास्टिकचं कार्ड आलं. म्हातारे मालक गेले होते, मुलगा गादीवर होता. त्याने बँकेकडून लोखंडी यंत्र आणलं. त्यात कार्ड ठेवायचं, वर कार्बनचा कागद, आणि दांडी सरकवायची. खर्रर्र आवाज होऊन कार्डावरची उठावाची अक्षरं कागदावर उतरायची. गिऱ्हाइकाने खाली सही करायची. कार्डाच्या पाठीवरची सही आणि ही सही ताडून पाहा, असं बँकेच्या माणसाने सांगितलं होतं. भाऊजींनी मान डोलावली होती. पण समोर बसलेल्या बाईच्या तोंडावर तिची सही ताडून पाहायची? घरच्या बाईची? ते त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं.

एका मोठ्या कंपनीतल्या साहेबांची बायको त्या दुपारी आली तेव्हा मी कोपऱ्यात होतो. अर्धवट झोपेत पाहिलेलं ते सगळं मला स्वप्नासारखंच आठवतं. तिच्या हातातल्या बांगड्या, गुलाबी साडीवरून फिरणारी बोटं, ती कोणाशी तरी मनातल्या मनात बोलत असल्यासारखी. बहिणीच्या लग्नासाठी साड्या हव्या होत्या. साहेब मुंबईला गेलेले. कार्ड त्यांच्या नावाचं.

"घरचंच कार्ड हाय ना बाई?" भाऊजींनी विचारलं.

"घरचंच," ती हसून म्हणाली, आणि साहेबांच्या नावाची सही ठोकून दिली.

बस, एवढंच. यात गुन्हा कुठे आहे ते मला दाखवा.

महिन्याभराने साहेबांकडे बँकेचा हिशेब गेला. त्यांनी पाहिलं की त्या तारखेला आपण मुंबईत होतो. बायकोला विचारायच्या आधी त्यांनी बँकेला लेखी कळवलं की ही खरेदी माझी नाही, सही माझी नाही. बँकेने दुकानाचे पैसे अडवले. मालकाच्या पोराने पोलिसात तक्रार केली, आणि पोलिसांनी भाऊजींना धरलं.

भाऊजींनी ठाण्यात पहिल्या फटक्यात सांगितलं की साड्या साहेबांच्या बाईंनी नेल्या. फौजदाराने पेन खाली ठेवला.

"कोनाच्या घरची गोष्ट करून राहिला, समजते का तुले?"

"समजते साहेब. त्याच घरच्या बाई होत्या."

"साहेब म्हणतात, आमच्या घरात बाया खरेदीले जातच नाहीत."

तेवढ्यावर चौकशी थांबली. बंगल्याचं फाटक लोखंडी होतं, ते बंद होतं, आणि सरकारला ते उघडता आलं नाही. आमच्या वस्तीतल्या घराला मात्र फाटकच नव्हतं. दोन शिपाई सरळ आत आले. चोरीच्या साड्या शोधायच्या म्हणून ताईची पेटी उलटी केली. तिच्यात एकच रेशमी साडी, लग्नातली. शिपाई म्हणाला, "बिल दाखव." ताई म्हणाली, "माझ्या बापाने घेतली होती. तो मेला. त्याले विचारून ये जा." शेजारच्या बाया फिदीफिदी हसल्या. शिपायाने साडी परत पेटीत टाकली, तीही घडी मोडून. ताईने ती घडी संध्याकाळपर्यंत घातली नाही. नुसती हात ठेवून बसली होती.

भाऊजींना जामिनावर सोडवल्यावर आम्ही वकिलांकडे गेलो. वस्तीतले पहिले वकील, काळा कोट उन्हाने तपकिरी झालेला. मी तावातावाने विचारलं, कार्डाच्या फसवणुकीचा कायदा काय म्हणतो?

"काहीच म्हणत नाही," ते म्हणाले. "कायदा इंग्रजाचा. त्याने प्लास्टिक पाहिलं नव्हतं. म्हणून पोलीस जुन्याच खुंटीवर टांगतात. चारशेवीस. आणि वर बनावट सहीचं कलम."

मग त्यांनी समजावलं. मी ते पत्रकाच्या पाठीवर लिहून घेत होतो. चारशेवीसमध्ये आधी कोणाला तरी खोटं भासवावं लागतं. त्या खोट्यावर विसंबून त्याने आपली वस्तू द्यावी लागते. आणि हे करताना पहिल्या क्षणापासून मनात बेइमानी असावी लागते. मागून आलेली बेइमानी चालत नाही. पोलिसांचं म्हणणं असं की साहेब पूर्वी एकदा दुकानात आले होते, तेव्हाच भाऊजींनी त्यांच्या कार्डाचा एक जास्तीचा ठसा काढून लपवला, मग त्यावर खोटी सही ठोकून माल बाहेर काढला.

"असं करतात का लोक?" भाऊजींनी खऱ्या कुतूहलाने विचारलं.

"मुंबईत करतात."

"हुशार हायेत गा," भाऊजी म्हणाले.

मला संताप आला. माणसाला तुरुंग समोर दिसतोय आणि तो चोरांचं कौतुक करतोय! मी म्हणालो, मोर्चा काढतो, पत्रक काढतो, त्या बाईचं नाव चौकाचौकात चिकटवतो. भाऊजी एकदम ताठ झाले.

"बाईचं नाव नाही लिहायचं, बाबू."

"काहून? तिच्यापायीच तर..."

"तिले माहीत तरी हाय का, हे तू विचारलं का कोनाले?"

हस्ताक्षराचा तज्ज्ञ आला. त्याचा अहवाल असा की सही साहेबांची नाही, आणि भाऊजींची आहे असंही सांगता येत नाही. तरी खटला चालूच. सिव्हिल लाइन्समधल्या त्या कोर्टाच्या आवारात आमचे कितीतरी दिवस गेले. कडुनिंबाखाली बसायचं, पुकारा होण्याची वाट पाहायची, पुढची तारीख घेऊन परतायचं. निंबाची फुलं डोक्यावर पडत राहायची. भाऊजींची नोकरी गेली होती. ते तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्या बायांच्या साड्या पाहायचे आणि हळूच सांगायचे, ही वारासिवनीची, ही मऊ पडल, हिचा रंग जाईल. त्या फुलांत आणि त्या आवाजात माझा राग पातळ व्हायचा, आणि त्याचाही मला राग यायचा.

वकील म्हणाले, आता एकच. त्या बाईने येऊन सांगावं. पण समन्स बंगल्यावर गेलं तर साहेबांच्या हाती पडणार.

तेव्हा ताई उठली. मला म्हणाली, "चल. पत्रकं घरी ठेव."

दुपारी आम्ही फाटकाशी उभे राहिलो. आत संत्र्याची दोन झाडं होती, फुलांवर आलेली. तो गोड वास, ऊन, आणि त्यातून चालत येणारी ती बाई. ताईने ओरडा केला नाही. "माझा नवरा सीताबर्डीच्या साडीच्या दुकानात होता," एवढं सांगितलं.

"ते? गादीवरचे?" बाई हसली. "बरे आहेत ना? फार दिवसांत गेले नाही मी तिकडे."

तिला खरंच काही माहीत नव्हतं. ताईने सगळं सांगितलं. पेटी उलटी केली तेही. बाईने फाटकाची दांडी धरली.

"पण मी तर यांना सांगितलं होतं," ती म्हणाली. "बँकेचा हिशेब आला त्याच आठवड्यात. साड्या दाखवल्यासुद्धा. हे म्हणाले, ठीक आहे, मी पाहतो."

म्हणजे बँकेला कळवल्यावर पहिल्याच आठवड्यात साहेबांना खरं ठाऊक झालं होतं. दिलेली लेखी तक्रार मागे घ्यायची, म्हणजे माझ्या घरातलं मलाच ठाऊक नव्हतं हे बँकेपुढे कबूल करायचं. त्यापेक्षा एक सेल्समन आत गेलेला परवडला. कायद्याच्या कुठल्या कलमात हे बसतं? मी वकिलांना विचारलं. कुठल्याच नाही, ते म्हणाले.

आणि त्यांनी हेही बजावलं की बाई बोलली तर खोट्या सहीचं कलम तिच्याकडे वळू शकतं. ताईने ते जाऊन तिला सांगितलं, लपवलं नाही. बाईने तारीख विचारून घेतली.

ती आली. एकटी. पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा वरचा पंखा कुरकुरत होता आणि न्यायाधीशांचे डोळे जड झाले होते. तिने सही मी केली म्हटल्याबरोबर ते जागे झाले.

"बाई, या प्रश्नाचं उत्तर तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं. नवऱ्याच्या नावाची सही का केलीत?"

"मीच करते," ती म्हणाली. "पोरांच्या प्रगतिपुस्तकावर मीच करते. पोस्टाचं रजिस्टर आलं की मीच करते. गॅसवाला आला की मीच. बारा वर्षं करते आहे. कधी कोणी काही म्हटलं नाही."

"आणि आरोपीने?"

"त्यांनी विचारलं, कार्ड घरचं का? मी हो म्हटलं. ते घरचंच होतं."

साहेबांचा वकील कोपऱ्यात बसला होता. तो उठून बाहेर गेला, बहुतेक फोन करायला.

भाऊजी सुटले. बेइमानी ना या हातात सापडली ना त्या हातात, म्हणून चारशेवीस टिकलं नाही. बाईवर कोणी तक्रार केली नाही. करणार कोण? ज्याने करायची त्याला पुन्हा कोर्टात यावं लागलं असतं.

व्हरांड्यात ती भाऊजींसमोर उभी राहिली.

"दुकानात परत घेतील ना तुम्हाला?"

"नाही घेणार बाई. आता इतवारीच्या दुकानांत पाहतो."

"माझ्यामुळे."

"तुम्ही आल्या ना," भाऊजी म्हणाले. मग नेहमीच्या सवयीने तिच्या पदराकडे पाहून, "ही उन्हात नका वाळवू. सावलीत वाळवा."

ती हसली, आणि हसतानाच तिचे डोळे भरले. बंगल्याची गाडी आली नव्हती. येणारही नव्हती, हे तिच्या हातातल्या पिशवीवरून तेव्हा माझ्या लक्षात आलं. पिशवी कोर्टात यायला लागते त्याहून बरीच मोठी होती. तिने सायकलरिक्षावाल्याला हाक मारली. "स्टँडवर. खाप्याची गाडी आहे का आत्ता?" खाप्याला तिचं माहेर.

रिक्षावाला घंटी वाजवत वळला. ताईने आम्हाला काही विचारलं नाही. चपला सावरल्या, पदर खोचला आणि बाईच्या शेजारी चढून बसली.

"सरका वं थोडं," ती म्हणाली. "गाडीत बसवून देते तुम्हाले."

बाई सरकली. रिक्षा कडुनिंबांच्या सावलीत शिरली, सावलीतून उन्हात, उन्हातून पुन्हा सावलीत, आणि तिथून त्या दोघींचं बोलणं ऐकू येईनासं झालं.