विक्याची हाकबाभूळ

विक्या गेला त्याला आज वर्ष झालं.
त्याचा राक्षस मात्र अजून जिवंत आहे.

माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. विक्या, मी, परश्या आणि रोशन, चौघंही कुरकुंभला एकाच प्लांटवर. गुरुवारी सुट्टी. आणि गुरुवारी दुपारी भांडगावला विक्याच्या पडवीत आमचा गेम.

मोबाईलवरचा नाही. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात, आणि कुठं अडलं की फासे टाकायचे.
गोष्ट सांगणारा कायम विक्याच. दुसऱ्याला सांगू देईल तर शपथ.

लोकांच्या गेममध्ये ड्रॅगन असतात. आमच्या गेममध्ये बाभूळ होती.

हाकबाभूळ.

वाळवंटात एकटीच उभी. लांबून आपल्या माळावरच्या वेड्या बाभळीसारखीच. पान एक नाही, नुसते काटे आणि वाळलेल्या शेंगा. मुळं वाळूखाली पार लांबवर गेलेली.

वारा सुटला की शेंगा वाजतात आणि झाड हाक मारतं. तुमच्या सगळ्यात जवळच्या माणसाच्या आवाजात.
ओ दिली की मुळं पाय धरतात.
मग सुटका नाही.

मूळ आयडिया त्याच्या आजोबांची. आबांनी उमेदीत मेंढरांमागं रानं तुडवली होती. त्यांचा नियम विक्या त्यांच्याच आवाजात ऐकवायचा, "माळावर कुनी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाई. मानूस आसंल तर परत हाक मारंल."

विक्यानं त्याच्यावर कडी केली. गेम चालू असताना झाड कधीही हाक मारणार. तुमच्या तोंडून खरोखर ओ गेली, की तुमचा वीर अडकला.

सोपं वाटतंय ना? आमच्याकडं हाकेला ओ दिली नाही तर पोरगं माजलंय म्हणतात. लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं ते.

एकदा मी निवांत चहा पीत होतो. मागून हुबेहूब माझ्या वडलांचा आवाज.
"सुन्या, मोटर बंद केली का रं?"
"व्हय, केली की!"
"गेलास! मुळं लागली पायाला."
आणि लोळून लोळून हसला येडा.

रोशन बिहारचा. त्याच्या आईचा आवाज विक्यानं फोनच्या स्पीकरवर ऐकून ऐकून उचलला होता. रोशन दरवेळी अडकायचा. न चुकता.
परश्याचं डोकं फिरायचं. "आरं, झाड हाय ते! तुला कळत न्हाई का?"
रोशन शांतपणे म्हणायचा, "मालूम है भाई. पर माँ की आवाज़ में बुलाया ना."

तेव्हा आम्ही त्याची लई चेष्टा केली.

शेवटच्या गुरुवारी रोशनला ड्यूटी लागली. त्याची गोष्ट बुडू नये म्हणून परश्यानं मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. आम्ही झाडापर्यंत पोचलो आणि विक्या म्हणाला, "ऱ्हायलेलं पुढच्या गुरुवारी."

बुधवारी सेकंड शिफ्ट करून विक्या घरी येताना हायवेवर...
यापुढचं मला लिहिता येत नाही. तुम्हाला कळलंच असेल.

वर्षभर ते रेकॉर्डिंग कुणी ऐकलं नाही. परश्या म्हणत होता, झाड मारून गेम संपवून टाकू, अर्धवट ठेवलं तर विक्या वरून शिव्या घालंल.
मी तयार नव्हतो. त्याचं झाडच मारलं तर त्याचं आमच्याकडं काय राहणार? यावरून आमचं दोघांचं भांडणही झालं.

शेवटी आज तिघं त्याच्या घरी गेलो. मावशी, म्हणजे विक्याची आई, आत चहा ठेवत होत्या. गोष्ट नक्की कुठं थांबली ते बघायला परश्यानं पडवीत रेकॉर्डिंग लावलं.

विक्याचा आवाज.
त्याचं खाकरणं. परश्याला हासडलेली शिवी. मग शेंगा वाजल्या, म्हणजे त्यानं डब्यात फासे खुळखुळवले, आणि झाडानं हाक मारली.
"सुन्या..."

एकच हाक. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. नियम म्हणजे नियम. डोळे मात्र ऐकेनात.

मग रेकॉर्डिंगमध्येच तो गोष्ट थांबवून घराकडं तोंड करून ओरडला,
"आये!"
जरा थांबून पुन्हा,
"आये, पानी आन गं!"

"ओ! आले रं."

ही ओ रेकॉर्डिंगमधली नव्हती.

मावशी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी आमच्या तोंडाकडं बघितलं. मग मोबाईलकडं बघितलं.
परश्यानं घाईघाईनं मोबाईल बंद केला.
"मावशी, चुकलं आमचं. आवाज बारीक ठेवाय पायजे व्हता."

मावशी उंबऱ्यावर बसल्या. तांब्या तसाच हातात.

मग म्हणाल्या, "चुकलं कशानं? आबा काय म्हनायचं? मानूस आसंल तर परत हाक मारंल. दोनदा मारली की त्यानं."

रोशननं तोंड फिरवलं. मी सरळ रडलो. लाज कसली त्यात.

"लावा की परत," मावशी म्हणाल्या. "मी हितंच बसते."

झाड मारायचा विषय पुन्हा निघाला नाही. परश्यानं स्वतःच फासे डब्यात भरले. तांब्यातलं पाणी आम्ही तिघांनी मिळून संपवलं, कारण ते आत परत न्यायला मावशी उठेचनात.

विक्या, 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायला हात उचलत नाही रे.

तुझी बाभूळ तिथंच उभी आहे. माझा वीर तिच्यासमोर उभा आहे. आज तू एकदाच हाक मारलीस, म्हणून मी गप्प बसलो. नियम तुझ्याच आबांचा.

परत एकदा मार.
धरू देत मुळांनी पाय. मी ओ देतो.