भिंतीवरचं जेवण

सौसरला मुलींच्या ज्या वसतिगृहात मी तीन वर्षं काढली, तिथल्या जेवणघराच्या भिंतीवर जेवण रंगवलेलं होतं. इंग्रजीत. ट्रकच्या मागे फुलं काढणाऱ्या पेंटरला बोलावून मॅडमनी ते काम करून घेतलं होतं, म्हणून चारही कोपऱ्यांत लाल गुलाब आणि मध्ये निळ्या अक्षरांत ब्रेकफास्ट, लंच, टिफिन, डिनर. ब्रेकफास्टला मिल्क, एग, ब्रेड. लंचला राइस, दाल, चपाती, व्हेजिटेबल. टिफिनला फ्रूट. डिनरला पुन्हा हे सगळं आणि रविवारी वरून पुडिंग. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, तर आमच्याकडे सोनूबाई भिंतीवर होती आणि वाळाही नव्हता.

त्या भिंतीसमोर बसून आम्ही काय खात होतो तेही सांगते. सकाळी काळा चहा. दुपारी भात आणि वरण. वरण म्हणजे तुरीची डाळ ज्याला लांबून दाखवली असेल असं पाणी. रात्री एक पोळी आणि मिरचीचा ठेचा, तेही आठवड्यातले चार दिवस. उरलेले तीन दिवस संध्याकाळची चूल पेटतच नसे. "आज उपास समजा," असं मॅडम म्हणत. आमच्यातल्या निम्म्याहून अधिक मुली बौद्धांच्या, घरी कोणी एकादशी धरत नव्हतं की चतुर्थी. वसतिगृहाने मात्र आम्हाला आठवड्याला तीन उपास घडवले.

मॅडम म्हणजे वसतिगृहाच्या अधीक्षिका. त्यांचं घर आवारातच होतं आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या खोलीकडे उघडत होती, त्यामुळे त्यांच्याकडे आज काय शिजतंय हे आम्हाला रोज कळायचं. वसतिगृहाच्या नावाने आलेला तांदूळ पुढच्या दाराने आत यायचा आणि दोन-चार दिवसांत मागच्या दाराने सायकलवर बाजारात जायचा. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. कुंपणच शेत खात होतं आणि आम्ही शेतात उभ्या होतो.

तर अशा ठिकाणी, ऐंशीच्या दशकाच्या मधल्या कुठल्यातरी वर्षी, मी आठवीत असताना, मॅडमना इंग्रजीचा झटका आला. झालं असं, की जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका वसतिगृहात मुलींनी तपासणीच्या साहेबांना जेवणाच्या पदार्थांची नावं इंग्रजीत सांगितली आणि साहेब खूश होऊन गेले, अशी बातमी त्यांच्या कानावर आली. साहेब छिंदवाड्याहून, मध्य प्रदेशातल्या आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून, यायचे, वर्षातून एकदा. मग काय, आमच्याही मुलींना इंग्रजी आलंच पाहिजे. शिकवायला मॅडमनी आपल्या भाच्याला बोलावलं. हा भाचा बीएला दोनदा नापास झालेला आणि तिसऱ्यांदा बसायचं की नाही या विचारात मामीकडे येऊन जेवत होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! पण त्याच्याजवळ एक गाइड होतं, आणि त्यात खाणं, बाजारहाट आणि कपडे यांच्या शब्दांची पानं होती. त्यातलं खाण्याचं पान आमच्या वाट्याला आलं.

रोज संध्याकाळी, म्हणजे ज्या वेळी चूल पेटायला हवी त्या वेळी, आम्ही ओळीने बसून खाण्याची नावं म्हणत असू. भाचा हातात छडी घेऊन फिरायचा. बटर. चीज. एग. जॅम. ज्या मुलींनी जन्मात लोणी-भाकरीपलीकडे काही चिकट पाहिलं नव्हतं त्यांना तो जॅम आणि बटर यातला फरक छडीने समजावून द्यायचा.

"सर, चीज म्हंजे काय असते?" एकदा एकीने विचारलं.

भाच्याने गाइडात पाहिलं. गाइडात चीजपुढे फक्त चीजच लिहिलेलं असावं.

"साबणाच्या वडीसारखं असते. पिवळं."

"अन् ते खातेत?"

"साहेब लोक खातेत. तुले कायले पाहिजे? तू पाठ कर."

ऑरेंज हा शब्द त्याने तीन दिवस शिकवला. सौसरात, जिथे हंगामात झाडाखाली पडलेली संत्री ढोरंसुद्धा हुंगून सोडून देतात, तिथे आम्ही संत्र्याचं नाव पाठ करत होतो आणि टिफिनच्या ओळीतलं फ्रूट कधी येतं म्हणून दाराकडे पाहत होतो. एकदा एका बागवाल्याने गळीच्या, म्हणजे झाडावरून गळून पडलेल्या, संत्र्यांचं पोतं फुकट पाठवलं होतं. ते मॅडमच्या ओसरीपर्यंत आलं हे मला नक्की माहीत आहे.

मॅडम मधूनच येऊन ऐकायच्या. "मोठ्यानं म्हणा ना पोरीहो! मूग गिळून काहून बसल्या?" असं त्या ओरडायच्या. गिळायला मूग असते तर आम्ही खरोखरच गप्प बसलो असतो.

या सगळ्यात यादी सर्वांत आधी पाठ झाली ती बोरगावच्या एका पोरीची. ती सहावीत होती, माझ्या शेजारी सतरंजी टाकायची आणि मला ताई म्हणायची. ती बारीक होती, म्हणजे आम्ही सगळ्याच होतो, पण ती शाळेच्या प्रार्थनेत दोनदा चक्कर येऊन पडली होती. तिला यादी आवडायची. ती एकेक शब्द चाखत म्हणायची आणि मध्येच थांबून मला विचारायची, "ताई, पुडिंग गोड असते का खारं?" मी गोड म्हणून सांगितलं. मला काय माहीत! उपासाच्या संध्याकाळी ती मात्र यादी म्हणायची नाही. तिने मला एकदा स्पष्टच सांगितलं, की दिवाळीपर्यंत पाहीन, नाही तर घरी जाईन, मायसंगं कापूस वेचीन, घरी निदान भाकर भेटते. ती गेली असती तर परत आली नसती. गेलेली कुठलीच मुलगी परत येत नव्हती. म्हणून मला एकच गोष्ट हवी होती: संध्याकाळची चूल रोज पेटावी. पुडिंग गेलं खड्ड्यात.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं होतं कोणाला तरी. सांगून झालं होतं. आदल्या वर्षी लोधीखेड्याच्या एका मुलीच्या वडिलांनी छिंदवाड्याला अर्ज केला होता, चांगला हिंदीत लिहून घेतलेला. तो अर्ज फिरत फिरत चौकशीसाठी मॅडमच्याच टेबलावर आला. त्या मुलीचं सामान दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो हे त्या दिवशी सगळ्यांना समजलं. माझे बाबा सावरगावला दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत कामाला होते. माझं सामान फाटकाबाहेर आलं असतं तर माझ्या हाती दुसऱ्या दिवशी विळाच आला असता.

पण भाच्याच्या शिकवणीत मला एक गोष्ट दिसली. मॅडमना यादी येत होती, बाकी इंग्रजी येत नव्हतं. साहेब हिंदी बोलायचे, आणि हिंदी मॅडमना आमच्यापेक्षा चांगलं समजायचं. मराठी तर होतंच. मात्र इंग्रजीत बोललं तर साहेबांना कळेल आणि शेजारी उभ्या असलेल्या मॅडमना कळणार नाही, असं मी ठरवून टाकलं. साहेब जीपमधून येतात, सही इंग्रजीत करतात, त्यांना इंग्रजी येत नसेल हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. जीपमधून येणाऱ्या माणसाला सगळं येतं, अशी माझी पक्की समजूत होती. तेरा वर्षांची असताना माणूस किती भाबडं असावं याला काही मर्यादा हवी.

अडचण अशी, की गाइडात नुसती खाण्याची नावं. हे मिळत नाही, ते विकलं जातं, आम्ही उपाशी झोपतो, हे सांगायला एक शब्द नाही. आणि नो म्हणायची सोय नव्हती. नो मॅडमना येत होतं. त्या आपल्या कुत्र्याला नो म्हणायच्या. मग मी शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना गाठलं. रोज तास संपल्यावर एक शब्द.

"सर, कधीच नाही, असं म्हणायला काय म्हणतेत?"

"नेव्हर."

दुसऱ्या दिवशी उपाशी. तिसऱ्या दिवशी विकणे. चौथ्या दिवशी सरांनी फळा पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं. "असं तुकड्या-तुकड्यानं काहून विचारून राहिली? पुरं वाक्य सांग." मी खाली पाहिलं. वसतिगृहात काय चालतं हे त्यांना ठाऊक असावं, कारण त्यांनी स्वतःच सगळे शब्द जोडून वाक्यं करून दिली, हळू आवाजात, दोनदा. वहीत लिहू दिली नाहीत. त्या सगळ्या गोष्टीत मोठ्या माणसासारखा वागलेला हा एकच मोठा माणूस. पण तोही वाक्यं मला देऊन मोकळा झाला. स्वतः कुठे बोलला नाही, हेही मी विसरलेले नाही.

साहेब आले त्या दिवशी सकाळपासून शेणसडा, तोरण, धुतलेल्या चादरी. जेवणघरात टेबल आलं. टेबलावर पांढरं कापड, दुधाची बरणी आणि एका परातीत वीस-पंचवीस उकडलेली अंडी, सोललेली. चुलीवर खरं वरण होतं. त्याच्या वासानेच मुलींच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. साहेब सफारी घालून आले, भिंत वाचली किंवा वाचल्यासारखं केलं, गुलाबांचं कौतुक केलं. भाचा मागे हात बांधून उभा. मॅडमनी मला पुढे केलं, कारण माझे उच्चार चांगले आहेत असं भाच्याने सांगितलं होतं.

"बेटी, बताओ, यहाँ क्या-क्या खाती हो? इंग्लिश में बताना."

वाक्यं पाठ होती. "सर, वी नेव्हर गेट मिल्क. वी नेव्हर गेट एग. दाल इज ओन्ली वॉटर."

मॅडमचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मिल्क आलं तशी त्यांनी मान डोलावली, एग आलं तशी पुन्हा डोलावली. आपली यादी बरोबर चालली आहे, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. मी साहेबांकडे पाहिलं. तेही डोलत होते, अगदी त्याच ठिकाणी.

"शी सेल्स अवर राइस," मी म्हटलं. राइसला दोघांनी मान डोलावली. "अ‍ॅट नाईट वी स्लीप हंग्री."

साहेब थांबले. "हंग्री?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, पोचलं. मी जोरात मान हलवली. "येस सर. हंग्री."

"हाँ हाँ," साहेब मॅडमकडे वळून हसले, "इस उम्र में भूख तो खूब लगती है. लगनी भी चाहिए. वेरी गुड! वेरी गुड!" आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग भाच्याने वाजवल्या, मग मॅडमनी, मग ओळीत उभ्या असलेल्या सगळ्या उपाशी मुलींनी. साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, परातीतलं एक अंडं उचलून तोंडात टाकलं आणि जाता जाता सांगितलं, की अगली बार कपडों के नाम भी तैयार कराइए.

पुढे बरीच वर्षं मी त्या माणसाला अडाणी समजत होते. नंतर नोकरीत असे पुष्कळ साहेब जवळून पाहिले आणि वाटू लागलं, की त्याला कळलंही असेल. कळून त्याने टाळ्या वाजवल्या असतील. अडाणी की लबाड, हे मी अजून ठरवलेलं नाही, आणि दोन्हींतलं काहीही निघालं तरी माझ्या मनातली त्याची जागा बदलणार नाही.

जीप गेली. मॅडम इतक्या खूश होत्या, की त्यांनी मला टेबलाजवळ बोलावलं आणि परातीतलं एक अंडं हातावर ठेवलं. "घे. आज तू इज्जत राखली." बाकीची परात त्यांनी झाकून घरी नेली. चुलीवरचं वरणही घरी गेलं.

ते अंडं मी नको म्हणायला हवं होतं, किंवा निदान अर्धं करायला हवं होतं. मी काहीच केलं नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि दोन घासांत खाऊन टाकलं, मीठसुद्धा मागितलं नाही. इतकं चांगलं लागलं की त्याची लाज मला आजही वाटते. मागे वळले तेव्हा बोरगावची पोर उभी होती. माझ्या बेताची तिला एकटीलाच कल्पना होती.

"सांगतलं का व ताई?"

"हाव."

"सगळं?"

"सगळं सांगतलं."

"मंग आता रोज भेटन जेवण?"

मी हो म्हणाले. तोंडात अंड्याचा वास असताना दुसरं काय म्हणणार होते!

दिवस मावळायला आला तशी ती आपली ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसली. चूल पेटली नव्हती आणि कोणी पेटवायला येणारही नव्हतं, हे मला दिसत होतं. मी तिला ऊठ म्हणाले नाही, जवळही गेले नाही. पुष्कळ वेळाने ती आपली आपणच उठली, मोरीवर जाऊन ती कोरी ताटली नीट धुतली, पालथी घातली आणि आत आली.