प्रेशरचा रकाना

तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यात मी नव्वदच्या दशकातली बहुतेक वर्षं बॉयलर सांभाळला. काम म्हटलं तर सोपं. भट्टीत जाळ नीट आहे का, पाणी किती आहे आणि प्रेशर किती, एवढं बघायचं आणि दर तासाला लॉगबुकात लिहायचं. आठ तासांची पाळी, आठ आकडे. एवढ्याशा कामाने माणूस दमतो कसा, असं मला सासरेबुवांनी एकदा विचारलं होतं. बॉयलरजवळ आठ तास उभं राहिलेल्यालाच ते कळतं, आणि तो सांगण्याइतका ताजा नसतो.

तसा 'प्रेशर' हा शब्द कारखान्यात सगळ्यांच्याच तोंडी असायचा. मॅनेजरसाहेब 'वरून प्रेशर आहे' म्हणाले की आम्ही समजायचो, रविवार गेला. माझा जोडीदार उरणकडचा, मोऱ्याच्या धक्क्याजवळ राहणारा. घरी होड्या होत्या, पण तो कारखान्यात शिरला होता. पावसाळ्याच्या तोंडाशी तो कधी कधी मासळीविना, रिकाम्या डब्यानिशी यायचा. म्हणायचा, "दर्यात प्रेशर हाय सांगतात रेडिओवर. कोनी होरी नाय काढली, मग म्हावरा कुठून आनू?" आणि पाळीच्या मध्येच कोणी टमरेल शोधत धावला तर त्यालाही प्रेशरच आलेलं असायचं. त्या प्रेशरची नोंद तेवढी कुठे करावी लागत नसे.

नावड्याला कॉलनीत आमची दोन खोल्यांची जागा तिसऱ्या मजल्यावर होती. तिथे नळाला प्रेशर नव्हतं. पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत कसंबसं चढायचं आणि तिथेच त्याचा दम संपायचा. खालच्या नळावरून बादल्या आणाव्या लागत. मी पाळीवर असलो की बायकोच आणायची, आणि मी बहुतेक वेळा पाळीवरच असायचो. घरी असलो तर झोपलेलो असायचो. हे लिहायला आज लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

एकदा तिला जिन्यात चक्कर आली. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, प्रेशर आहे. गोळ्या लिहून दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं आणि आठवड्यातून दोनदा प्रेशर मोजून वहीत लिहून ठेवा म्हणाले. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त नर्स राहायच्या, सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणायची. त्यांच्याकडे पाऱ्याचं यंत्र होतं. मोजायची सोय झाली, राहिली वही.

वहीची जबाबदारी मी हौसेने घेतली. माझ्या धंद्यातलंच काम होतं ते. कारखान्यातून एक कोरं लॉगबुक आणलं. त्यात छापील रकाने होतेच: तारीख, वेळ, प्रेशर, पाण्याची पातळी, शेरा. तिला समजावलं, वरचा आकडा प्रेशरच्या रकान्यात, खालचा पाण्याच्या पातळीत, आणि शेऱ्यात 'ठीक' लिहायचं. ती हसली. म्हणाली, "म्हणजे मी तुमचा बॉयलरच झाले की." मीही हसलो.

आता कारखान्यातल्या लॉगबुकाची दुसरी बाजू सांगायला हवी. आमच्याकडे आठ आकडे तासातासाला लिहायची पद्धत फक्त नियमात होती. खरी पद्धत अशी, की पाळीच्या मध्यावर चहा आला की चहा पिता पिता पुढचे चारही आकडे भरून टाकायचे. यातही कसब होतं. सगळीकडे दहा लिहिलं तर साहेबाला वास येतो. म्हणून दहा पॉइंट दोन, दहा पॉइंट चार, मग दहा, मग पुन्हा पॉइंट तीन. थोडं वर, थोडं खाली, जिवंत वाटेल असं. आम्ही कामचुकार नव्हतो. गेजचा काटा कधी कधी अडकतो, म्हणून काचेवर नखाने टकटक करून मगच मी आकडा खरा मानायचो. बॉयलरचा आवाज बदलला की गप्पा मारता मारता माझे कान उभे राहायचे. बॉयलर आम्ही सांभाळत होतो, आणि आकडे साहेबासाठी होते. ही सगळी चलाखी मी घरी जेवताना रंगवून सांगायचो. बायको भाकरी थापत ऐकायची. ती इतकं मन लावून ऐकते, हे मला तेव्हा कळलं नाही.

पाच-सहा महिने गेले. पाळीवरून आलो की चपला काढता काढता मी खिळ्याला टांगलेलं ते लॉगबुक बघायचो. एकशे तीस-चौऱ्याऐंशी. एकशे अठ्ठावीस-ब्याऐंशी. शेरा, ठीक. मग आडवा व्हायचो.

एका मंगळवारी तिसरी पाळी करून सकाळी घरी आलो. जिना चढताना कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. ती डाळीला तीन शिट्ट्या घ्यायची, कधी चौथी नाही. दुसऱ्या मजल्यावर मी पाचवी ऐकली. दाराशी पोचेपर्यंत सातवी झाली. दार लोटलेलंच होतं. ती ओट्याखाली भिंतीला टेकून बसली होती, डावा हात मांडीवर दुसऱ्याच कुणाचा ठेवावा तसा पडलेला, आणि ओठ एका बाजूला ओढलेला. मी आधी गॅस बंद केला आणि मग तिच्याकडे वळलो. इतक्या वर्षांची सवय. तो क्षण मला अजून माफ करता आलेला नाही.

शेजाऱ्याच्या रिक्षाने पनवेलला नेलं. निघताना मी खिळ्यावरचं लॉगबुक घेतलं होतं, डॉक्टरांना दाखवायला. आमच्याकडून हयगय नाही, हे त्यांना कळावं म्हणून. त्यांनी पानं चाळली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "एखादा सोडला तर आकडे उत्तम आहेत. मग असं व्हायला नको होतं." मग एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "आज मंगळवार ना? हे गुरुवारचं कधी घेतलंत?"

मी बघितलं. गुरुवार, एकशे बत्तीस-चौऱ्याऐंशी. पुढचा सोमवार, एकशे अठ्ठावीस-ब्याऐंशी. महिनाअखेरपर्यंत सगळे रकाने भरलेले होते. थोडं वर, थोडं खाली, जिवंत वाटेल असे. डॉक्टरांना नवल वाटलं. मला नाही वाटलं. ते हस्ताक्षर तिचं होतं, पण हात माझा होता.

संध्याकाळी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, वहिनी तीन महिने फिरकल्याच नाहीत माझ्याकडे. मला वाटलं, दुसरीकडे मोजताय." गोळ्यांचा डबा उघडला तर निम्म्याहून जास्त पाकिटं तशीच होती. गोळी घेतली की चक्कर येते आणि चक्कर आली की बादल्या उचलता येत नाहीत, म्हणून तिने त्या सोडल्या होत्या. हे तिने नंतर सांगितलं. कॉलनीत कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. दहा फुटांवरून बॉयलरचा सूर ओळखणाऱ्या मला तीन महिने धापा टाकत जिना चढणारी घरचीच बाई ऐकू आली नाही.

ती वाचली. बोलणं पंधरा दिवसांत जवळपास पूर्ववत झालं, डावा हात मात्र अर्धाच परत आला. मी दिवसपाळी मागून घेतली आणि कारखान्यात प्रत्येक तासाला उठून गेजपाशी जाऊ लागलो. उरणकराने दोन-तीन दिवस चेष्टा केली, "काय रं, नवीन लागलास का?" मग चेष्टा थांबली. कधी कधी तोही उठायचा.

मोजायचं यंत्र मी विकत घेतलं. पाऱ्याचं नाही, गोल तबकडीचं, काट्याचं. पहिल्या दिवशी ती खाटेवर बसली होती. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, कानाला नळ्या लावून हवा सोडली. पहिल्या ठोक्याला हवा रोखून काटा थांबवला आणि सवयीने काचेवर नखाने टकटक केलं. तो हलला नाही. एकशे बाहत्तर. मी लॉगबुक उघडलं, तिच्या हातचं, आगाऊ भरलेलं पान उलटलं आणि नव्या पानावर पेन टेकवलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अहो, एकशे तीस लिहा ना," ती म्हणाली.

"का?"

"मागे एकदा मी खरं लिहिलं होतं. एकशे सत्तर. तुम्ही रात्रपाळी करून आला होतात. ते बघितलंत आणि दिवसभर कूस बदलत पडलात, तसेच पुन्हा कामावर गेलात. तीस लिहिलं की झोपायचात बिचारे."

मला तो दिवस आठवतसुद्धा नव्हता. मी एकशे बाहत्तर लिहिलं. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.