शबल्याचा घास

शारदाबाईंच्या सोवळ्याला अख्ख्या गुलबर्ग्यात जोड नव्हती. हे त्या स्वतः कधी म्हणत नसत, म्हणायची गरजच पडत नसे. ब्रह्मपुरातल्या कुठल्याही आचार्यांच्या घरी कार्य निघालं, की आधी मुहूर्त बघायचे आणि लगोलग शारदाबाईंना बोलावणं धाडायचे. एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी परत आलेल्या बाईला घरात कोनाड्याएवढी जागा मिळते. शारदाबाईंनी ती चुलीपुढं धरली आणि पंचवीस वर्षं हलू दिली नाही. लाल आलवण, बोडकं डोकं आणि हातात पळी, असं त्यांचं रूप. सोवळ्यात असल्या की त्यांच्या सावलीलाही माणसं वळसा घालून जात. खरं सांगायचं तर हा वळसा त्यांना मनातून आवडायचा. तेवढाच काय तो मान.

घर धाकट्या भावाचं, रामाचार्यांचं. हा माणूस दिवसभर कचेरीत निजामसरकारचं उर्दू लिही आणि घरी आला की टोपी खुंटीला अडकवून, अंगावर पाणी घेऊन संध्येला बसे. सकाळी जेवणाआधी रोज वैश्वदेव. त्यात देवांचे, पितरांचे, कावळ्यांचे असे भाताचे घास निघत आणि एक घास कुत्र्याचा. तो अंगणाबाहेर नेऊन ठेवायचं काम मुलाचं, म्हणजे जयतीर्थाचं.

जयतीर्थ नऊ वर्षांचा. दार कशासाठी केलंय ते त्याला कधी कळलंच नाही. हा भिंतीवरून यायचा, भिंतीवरून जायचा. घास ठेवता ठेवता एक ठिपक्याठिपक्याचं गावठी कुत्रं रोज वेळेवर हजर राहू लागलं आणि पोरानं त्याला आपलं करून टाकलं. वडलांच्या मंत्रात यमाच्या दोन कुत्र्यांची नावं यायची, श्याम आणि शबल. हे ठिपक्यांचं, म्हणून शबल्या. आचार्यांच्या घरात कुत्र्याचं बारसंसुद्धा मंत्रातून झालं.

आता पंचाईत शारदाबाईंची. कुत्रं शिवलं की सोवळं गेलं, पुन्हा आंघोळ. आणि शबल्याचा जीव तर आत्याच्या आलवणाच्या घोळात अडकलेला. थंडीच्या दिवसांत त्यांना तीनतीनदा विहिरीवर जावं लागलं, तेव्हा त्या कडाडल्या.

"जयू, बांधून ठेव त्याला! न्हाईतर हाकलून देते बघ."

"मग मांजर कामून चालतं, आत्या? ती मनी तुझ्या मांडीवर बसायली की."

"मांजराचा विटाळ नसतो. पहिल्यापासून चालत आलंय."

"मांजरानंच चालवलं असंल ते," असं म्हणून पोरगं भिंतीवरून पसार. शारदाबाई पदराआड हसल्या. पोराचा त्यांना लळा होता, अगदी पोटच्यासारखा. पण लळा वेगळा आणि सोवळं वेगळं, असा त्यांचा हिशेब.

त्या वर्षी माघातली एकादशी झाली. जयूची आई नलिनी बाळंतपणाला भालकीला माहेरी गेलेली. घरात स्वयंपाकाला शारदाबाई एकट्याच. द्वादशी अगदी थोडी होती, सूर्य उगवल्यावर थोड्याच वेळात संपणार. त्याच्या आत पारणं सोडायचं. आणि त्या दिवशी पारण्याला एक वयोवृद्ध आचार्य यायचे होते. त्यांचा शब्द गावात प्रमाण. ते दुसऱ्याच्या हातचं सहसा जेवत नसत. 'शारदाबाईंच्या हातचं असलं तर येतो,' म्हणाले होते. शारदाबाईंच्या आयुष्यात याहून मोठं मानपत्र आलं नव्हतं.

पहाटे उठून त्यांनी न्हाणं उरकलं. पोराला बजावलं, "आज शबल्याला परसातल्या पेरूला बांध. पक्कं बांध." त्यानं पक्कं बांधलं. मग शेजारून केळीची पानं आणायला गेला, अर्थातच भिंतीवरून.

रामाचार्य आचार्यांना घेऊन यायला गेलेले. चुलीवर हादग्याच्या पाल्याची भाजी तयार, आवळ्याचं सार तयार, भात उतरवलेला. द्वादशीला चिंच चालत नाही, म्हणून आवळा; सगळं कसं जिथल्या तिथं. फटफटायला लागलं होतं. शारदाबाई शेवटची फोडणी करायला वळल्या आणि परसातून किंकाळी आली.

"आत्या! आत्या गं! मरायलाय!"

त्या दारात आल्या. पेरूच्या बुंध्यापासून दावं ताणलेलं, भिंतीला रचलेल्या सरपणावरून वर गेलेलं आणि भिंतीपलीकडं खाली. शबल्या धन्यामागं उडी मारायला गेला होता आणि दावं अपुरं पडलं होतं. पलीकडं जयू त्याचे मागचे पाय खांद्यावर घेऊन उभा, पण पोराची उंची ती किती. कुत्र्याचा आवाजसुद्धा येईना. येत होता तो फक्त पोराच्या रडण्याचा.

शारदाबाई उंबऱ्यात थांबल्या. होय, थांबल्या, आणि हे त्या पुढं कधी विसरल्या नाहीत. मागं पंचवीस वर्षं होती आणि पुढं एक कुत्रं. धावत पेरूच्या बुंध्याची गाठ सोडायला गेल्या, तर ती वजनानं आवळून दगड झालेली.

मग त्या सरपणावर चढल्या. ओंडका घसरला, गुडघा फुटला. भिंतीवर ओणवं होऊन दोन्ही हातांनी त्यांनी शबल्याला कवेत घेतलं, वर ओढलं, छातीशी धरलं आणि गळ्यातला फास नखांनी सैल केला. कुत्रं लोळागोळा. त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, पोट चोळलं. "बाबा रे, श्वास घे," त्या म्हणाल्या. सोवळ्यातली बाई कुत्र्याला बाबा म्हणत होती. शबल्यानं एक उचकी दिली, आणि डोळे उघडायच्या आधी आलवणावर शेपटी आपटली.

जयू भिंतीवरून आला. आत्याला बिलगला, मग दचकून मागं सरला.

"आत्या, तू शिवलीस त्याला. आता?" मग हळूच म्हणाला, "कुणी बघितलं न्हाई. मी न्हाई सांगत. देवाशपथ."

खरंच कुणी बघितलं नव्हतं. घटकाभर गप्प बसलं की सगळं निभावलं असतं. रीतीनं न्हाऊन पुन्हा सोवळं नेसायचं, तर सुकवलेलं दुसरं आलवण नव्हतं आणि वेळही नव्हता. शारदाबाईंनी पोराच्या तोंडाकडं पाहिलं. या तोंडाला आज खोटं शिकवलं तर उद्या ते कुणाच्या सोवळ्यावर विश्वास ठेवील? त्या स्वयंपाकघराच्या बाहेर, पायरीवर जाऊन बसल्या.

आचार्य आले तेव्हा त्या उठल्या नाहीत. "मी कुत्र्याला शिवले," म्हणाल्या. "फास बसला होता. शिजलेल्याला त्यानंतर हात लावलेला न्हाई. पण फोडणी राहिली, आणि वाढायला मी येऊ शकत न्हाई."

आचार्य रागावले नाहीत. तीर्थ मागून घेतलं, त्यावर पारणं सोडलं आणि "येतो" म्हणून निघून गेले. त्यांचं न रागावणंच शारदाबाईंना जास्त लागलं. त्यांना ठाऊक होतं, दुपारपर्यंत गावभर होईल. झालंही. पुढं कुणी टाकून बोललं नाही, फक्त कार्याची बोलावणी यायची थांबली.

रामाचार्य आत गेले. घाईघाईनं वैश्वदेव केला, स्वतःच्या हातानं पान वाढून घेतलं आणि बिनफोडणीचं जेवले. हात धुऊन कुत्र्याचा घास द्रोणात घेऊन बाहेर आले. जयूनं सवयीनं हात पुढं केला.

"तू न्हाई," ते म्हणाले. द्रोण त्यांनी पायरीवर ठेवला. "अक्का, आज तू घाल."

शारदाबाईंनी द्रोण उचलून पुढं धरला. मग त्यांचे डोळे भरले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

पंचवीस वर्षं हा घास त्याच शिजवत होत्या. खाणारं तोंड त्यांनी कधी जवळून पाहिलं नव्हतं. शबल्या पायरीशी आला, त्यानं तो घास सुजल्या गळ्यानं हळूहळू खाल्ला आणि मग त्यांचा हात चाटला. त्यांनी हात मागं घेतला नाही.

"जयू," त्या म्हणाल्या, "उद्यापासून दावं लांब ठेव."