अवधाण

लाँड्रीत त्याला सगळे बुटक्या म्हणत. वाफेच्या इस्त्रीचं पेडल उंच माणसाच्या मापाचं होतं, त्यामुळे प्रत्येक चादरीला त्याला उजवी मांडी जवळजवळ पोटापर्यंत उचलावी लागे. मिसरूड फुटल्यापासून चाळिशीपर्यंत त्याने ती उचलली.

जांघेत गाठ आली, तेव्हा नव्या बुटाने टाचेला फोड आलेलाच होता. आईने तो पाहिला आणि ती निर्धास्त झाली. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येणारच, हे काय कुणी शिकवायला हवं?

"जखम भरली की बसेल आपोआप," ती म्हणाली. त्यालाही ते पटलं.

फोड भरला, अवधाण काही बसेना. मग पायच सुजला, इतका की पँट मांडीवरून चढेना.

"उंची नाही तर नाही, बुटक्या, रुंदी तरी वाढली!" लाँड्रीतला जोडीदार हसला. बुटक्याने घरी तो विनोद सांगितला, पण आईला हसू आलं नाही. सकाळ होताच ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

"आजी, हे अवधाण नव्हे," सोनोग्राफी पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खुब्याच्या सांध्यापुढे पाण्याची छोटीशी पिशवी असते. पाय उचलून उचलून ती सुजली आणि शेजारच्या शिरेवर दाबून बसली. खालचं रक्त वर चढेना, ते मांडीत गोठलंय."

"मग काढून टाका ना ती पिशवी!"

"आधी रक्त पातळ करू. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. पाय अजिबात चोळायचा नाही."

आईने आपल्या हातांकडे पाहिलं. काल संध्याकाळीच तिने कोमट तेलाने त्याची मांडी रगडली होती, चांगली जोर लावून.

वॉर्डात इंजेक्शन झाल्यावर तो कण्हला. "आई, ठणकतंय गं. जरा दाब ना."

"नाही."

"अगं, हलकंच."

"नाही म्हटलं ना!" दोन्ही हात काखेत धरून ती त्याच्या छातीकडे बघत बसली.

तो खोकला.

"सिस्टर!" ती किंचाळली.

"ठसका लागला गं, तू पण ना..." वाक्य अर्धवट टाकून त्याने बरगडीवर हात दाबला. "इथं टोचतंय. श्वास घेतला की."

सिस्टर धावत आली. तिने त्याच्या नाकावर मास्क चढवला, डॉक्टरांना हाक मारली.

"मी काल त्याचा पाय रगडला," कुणी विचारलं नव्हतं, तरी आईने सांगून टाकलं.

सिस्टरला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तिचं लक्ष त्याच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरच्या आकड्याकडे होतं, आणि तो आकडा उतरत होता.