दुकानासमोर बसलेली काकू

माझ्या काकूला नसत्या चौकशा फार. मुलं मार्गी लागल्यावर तिने विद्यापीठात व्यवसाय प्रशासनाला नाव घातलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी कपाळाला हात लावला. आणि मी नेमकी त्याच वर्गात! मागच्या बाकावर जरा डुलकी काढावी म्हटलं, तर पुढे काकूचा हात वर. गिऱ्हाईक कसं आणायचं हे सर शिकवत होते, तर ही विचारते, आलेलं गिऱ्हाईक परत का जातं? तिने इतकं भंडावलं, की सरांनी तोच विषय तिला प्रकल्पाला देऊन टाकला.

विषय घरचाच होता. काका घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान बसत चाललं होतं आणि वर्षअखेर ते बंद करायचं त्याने ठरवलं होतं. हल्ली घड्याळ घालतो कोण, असं त्याचं म्हणणं. काकूला ते पटेना. ती समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसायला लागली, मलाही घेऊन. आधी मी वैतागले, पण खरं सांगते, पुढे मलाही चटक लागली. कारण माणसं यायची. हातात घड्याळ घेऊन पायरीपर्यंत यायची, जरा घुटमळायची आणि निघून जायची. काकू एकेकाला गाठून खनपटीलाच बसायची. सगळ्यांचं उत्तर साधारण एकच: ते कामात होते, म्हटलं कशाला त्रास द्या.

काका डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात बारीकसं चक्र धरून बसलेला असायचा. ते जागेवर बसेपर्यंत मान वर करायची नाही, ही त्याची जन्माची सवय.

अहवाल मांडायच्या दिवशी काका स्वतःहून वर्गात येऊन बसला. काकूने मात्र भीडभाड ठेवली नाही.

"घड्याळं अजून येतात," ती म्हणाली. "दुकानदार मान वर करत नाही, म्हणून परत जातात."

वर्ग हसला. काका हसला नाही. आम्ही तिघं घरी आलो. दाराच्या कुलपात किल्ली घालताना, खाली बघतच त्याने विचारलं, "आणि घरी?"

काकू म्हणाली, "घरचं गिऱ्हाईक अजून पायरीवरच उभं आहे."

किल्ली कुलपात तशीच ठेवून काकाने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. दुकान बंद करायचा विषय त्यानंतर निघाला नाही.